बोटांसाठी पाडलेले भोक आणि चेंडूची चाकोरी

१/२३
१ ऑगस्ट २०२० या दिवशी अमेरिकेतील टेनपिन बोलिंगच्या मान्यताप्राप्त स्पर्धांतून एक भोक हद्दपार झाले. भोक कसले, तर चेंडूच्या अंगावर, बोटे घालण्याच्या भोकांपासून दूर, एका कडेला पाडलेले. त्यात कुणाचे बोट जात नसे. चेंडू धरण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. तरीही त्याची जागा, खोली आणि रुंदी ठरवण्यासाठी मापे घेतली जात, कारागीर त्याचे पैसे घेत आणि खेळाडू त्यावर भिस्त ठेवत. ते बंद करण्याचा निर्णय युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस (युएसबीसी) या नियामक संस्थेने तब्बल दोन वर्षे आधी जाहीर केला होता. एका रिकाम्या भोकाची एवढी दखल का घ्यावी लागली? त्याचे उत्तर सव्वाशे वर्षांच्या इतिहासात आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

२/२३
आपल्याकडे ‘बोलिंग’ म्हटले की क्रिकेटची गोलंदाजी डोळ्यांसमोर येते, म्हणून आधी खेळाची ओळख. टेनपिन बोलिंगमध्ये सुमारे साडेएक्केचाळीस इंच रुंदीच्या गुळगुळीत लाकडी वा कृत्रिम पट्टीवरून, म्हणजे लेनवरून, एक जड चेंडू घरंगळत सोडायचा. रेषेपासून ६० फुटांवर पहिली पिन उभी असते आणि तिच्यामागे त्रिकोणात आणखी ९. पहिल्याच फेकीत दहाही पिना आडव्या झाल्या की ‘स्ट्राइक’. सलग १२ स्ट्राइक झाले की ३०० गुण, आणि तोच परिपूर्ण डाव. चेंडूचे वजन जास्तीत जास्त १६ पौंड, म्हणजे सव्वासात किलो. एवढा गोळा एका हाताने फेकायचा, तर त्याला पकड हवी. त्या पकडीसाठी भोके पाडली गेली आणि पुढचे सारे त्यातून उद्भवले.

३/२३
सरळ फेकलेला चेंडू का पुरत नाही? उजव्या हाताच्या खेळाडूच्या आदर्श स्ट्राइकमध्ये चेंडू स्वतः चारच पिनांना शिवतो: पहिली, तिसरी, पाचवी आणि नववी. उरलेल्या सहा पिना एकमेकींना पाडतात. ही साखळी जुळून यायची तर चेंडूने पहिल्या व तिसऱ्या पिनेच्या मधल्या फटीत तिरका प्रवेश करावा लागतो. युएसबीसीच्या चाचण्यांनुसार हा तिरपेपणा सुमारे ६ अंशांचा असेल तर फळ उत्तम मिळते. आता लेनच्या अगदी कडेवरून सरळ रेषेत नेम धरला, तरी ६० फुटांच्या लांबीत दीड अंशाच्या आसपासच कोन मिळतो. उरलेले अंश मिळवायचे तर चेंडू शेवटच्या टप्प्यात वळलाच पाहिजे. बोलिंगच्या चेंडूचा इतिहास हा या उरलेल्या साडेचार अंशांचा इतिहास आहे.

४/२३
एकोणिसाव्या शतकात हे चेंडू लिग्नम व्हायटी या अमेरिकी उष्णकटिबंधातील झाडाच्या लाकडाचे असत. हे लाकूड इतके घट्ट असते की ते पाण्यात बुडते. सुरुवातीच्या काळात अंगठ्यासाठी एक आणि मधल्या बोटासाठी एक अशी दोनच भोके पाडत. तीन भोकांची पद्धत नंतर रुळली. पकड सुलभ व्हावी एवढाच त्यांचा हेतू. पण भोकांचा एक परिणाम फारसा कुणी योजलेला नव्हता. चेंडू सुटताना अंगठा आधी बाहेर पडतो आणि बोटे क्षणभर मागे राहतात. त्या क्षणी बोटांचा जो उचल-झटका बसतो, त्याने चेंडू पुढे जाता जाता कडेच्या अंगाला फिरू लागतो. हे तिरपे फिरणे म्हणजे वळणाचे बीज. भोक धरण्यासाठी होते. ते फिरवण्याचेही साधन ठरले.

५/२३
९ सप्टेंबर १८९५ रोजी न्यूयॉर्कच्या बेथोव्हेन हॉलमध्ये अमेरिकन बोलिंग काँग्रेसची (एबीसी) स्थापना झाली. त्याआधी गावोगावी लेनची लांबी वेगळी, पिना वेगळ्या, गुण मोजण्याची रीत वेगळी, असा गोंधळ होता. एबीसीने लेनची मापे बांधून दिली, पिनांमधले अंतर १२ इंच ठरवले, चेंडूला १६ पौंडांची कमाल मर्यादा घातली आणि त्याचा घेर २७ इंचांत बसवला. खेळ एकसारखा झाला, गुणांची तुलना शक्य झाली आणि विक्रम या शब्दाला अर्थ आला. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की ही मापे फीत आणि तराजू यांनी घेता येण्याजोगी होती. चेंडूच्या पोटात काय आहे, हा प्रश्न तेव्हा उद्भवतच नव्हता. लाकडाच्या पोटात लाकूडच असे.

६/२३
विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘एव्हरट्रू’ हा रबराचा चेंडू बाजारात आला. १९१४ साली ब्रन्सविक कंपनीने ‘मिनरलाइट’ नावाचा कठीण रबराचा चेंडू आणला आणि लाकडी चेंडूंचे दिवस भरले. लाकूड ऋतुमानाने फुगते, आकसते, तडकते. रबर आकार टिकवते. पण साच्यात ओतलेल्या चेंडूने एक नवी शक्यता दारात आणली. भोके पाडली की त्या जागचे काही औंस वजन निघून जाते आणि चेंडू एका बाजूने हलका पडतो. ती तूट भरून काढण्यासाठी निर्माते चेंडूच्या वरच्या बाजूला, व्यापारचिन्हाच्या खाली, थाळीसारखा चपटा जड ठोकळा बसवू लागले. हेतू निर्मळ होता: भोके पाडल्यानंतर चेंडू समतोल राहावा. मात्र पोटात ठोकळा आला आणि भोके त्याच्या नेमक्या कुठल्या बाजूला पाडायची, हा विचारही सुरू झाला.

७/२३
इथे या इतिहासातील एक दुर्लक्षित माणूस पुढे येतो: भोके पाडणारा कारागीर. बोलिंगचा चांगला चेंडू आजही दुकानात बिनभोकाचा मिळतो. कारागीर खेळाडूच्या हाताचे माप घेतो. अंगठा आणि बोटे यांतले अंतर किती, बोटांची जाडी किती, भोक सरळ जावे की आतल्या वा बाहेरच्या अंगाला कलते, हे सारे तो हाताची लवचीकता पाहून ठरवतो. शिंप्याकडे कपडे बेतावेत तसा चेंडू हातावर बेतला जातो. अंतर चुकले तर अंगठा अडकतो, फोड येतात, मनगट दुखावते. म्हणजे या कारागिराची पहिली जबाबदारी हाताची होती. लेनवर चेंडू कसा जाईल, ही जबाबदारी त्याच्याकडे हळूहळू चालत आली.

८/२३
ती आली चेंडूवरच्या एका रेघेतून. रबरी चेंडू बराच वापरला की त्याच्या अंगावर ओरखड्यांचे एक कडे उमटे. बैलगाडी रोज त्याच वाटेने गेली की जशी जमिनीत चाकोरी पडते, तसा हा प्रकार; फरक एवढाच की इथे चाकोरी वाटेवर पडत नाही, चाकावर पडते. चेंडू लेनवर फिरत जाताना त्याच्या पृष्ठभागाचा जो पट्टा जमिनीला टेकतो, तीच त्याची चाकोरी. इंग्रजीत तिला ‘ट्रॅक’ म्हणतात. खेळाडू सरावलेला असेल तर त्याचा हात दर वेळी जवळपास सारखाच सुटतो आणि कडे एकाच जागी उमटते. अनुभवी कारागीर जुना चेंडू हातात घेऊन ते कडे पाही आणि माणसाला खेळताना न पाहताही त्याचा हात कसा सुटतो ते सांगे.

९/२३
कड्यांचे ढोबळ तीन प्रकार पडले. पहिल्यात कडे अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांच्या मधून जाते आणि चेंडूचा जवळजवळ पूर्ण २७ इंचांचा घेर व्यापते. हा ‘फुल रोलर’. दुसऱ्यात कडे भोकांच्या बाहेरून, पण त्यांना लगटून जाते आणि घेरापेक्षा थोडे लहान असते. हा ‘सेमी रोलर’. तिसऱ्यात कडे भोकांपासून बरेच खाली, लहानशा वर्तुळाचे असते. चेंडू घरंगळण्यापेक्षा भोवऱ्यासारखा गरगरत जातो, म्हणून त्याला ‘स्पिनर’ म्हणतात. कडे मोठे तितका चेंडू लवकर जमिनीला धरतो. कडे लहान तितका तो अधिक काळ घसरत राहतो. काळाच्या ओघात सेमी रोलर ही सर्वांत रूढ रीत ठरली आणि फुल रोलर आज क्वचितच दिसतो.

१०/२३
कडे आणि भोके यांचे नाते मात्र नाजूक असते. सेमी रोलरची चाकोरी सरकून अंगठ्याच्या भोकावरून जाऊ लागली की दर फेऱ्याला भोकाची कड लेनवर आपटते आणि ‘टक्-टक्-टक्’ असा आवाज येतो. त्या क्षणी चेंडूची जमिनीवरची पकड सुटते आणि वळण बिघडते. उपाय एकच: जुनी भोके बुजवायची आणि हाताचे माप तेच ठेवून पकड चेंडूवर दुसरीकडे फिरवायची. असे करताना कारागिरांना एक अनुभव वारंवार येऊ लागला. पकड तीच, हात तोच, लेन तीच. पण भोके आतल्या ठोकळ्याच्या दुसऱ्या अंगाला गेली की चेंडूची चाल बदललेली भासे. भोकाची जागा ही नुसती सोय नाही, हे ज्ञान अशा तऱ्हेने दुकानाच्या मागच्या खोलीत जन्माला आले.

११/२३
ज्ञानामागून लबाडी आणि लबाडीमागून नियम, हा क्रम इथेही चुकला नाही. मर्यादेपेक्षा जड किंवा एका अंगाला वाजवीपेक्षा अधिक भारलेल्या चेंडूला बोलिंगच्या बोलीत ‘डोडो’ म्हणत. असा चेंडू ओळखण्यासाठी जो खास काटा वापरत, त्याचेही नाव ‘डोडो काटा’. त्यात चेंडूच्या समोरासमोरच्या दोन बाजूंच्या वजनातला फरक मोजता येतो. १० पौंडांहून जड चेंडूंसाठी नियम असा रूढ झाला: वरच्या आणि खालच्या अर्ध्या भागांत ३ औंसांपेक्षा अधिक फरक नसावा, उजव्या-डाव्या, तसेच बोटांच्या आणि अंगठ्याच्या बाजूंत १ औंसापेक्षा अधिक नसावा. १ औंस म्हणजे २८ ग्रॅम. सव्वासात किलोच्या गोळ्यात २८ ग्रॅमची राखण नियमपुस्तिका करू लागली.

१२/२३
मर्यादा आली की मर्यादेच्या आत काय करता येईल, याचे शास्त्र तयार होते. १९७०च्या दशकात ते बहरले. बिल टेलर यांचे ‘फिटिंग अँड ड्रिलिंग अ बोलिंग बॉल’ हे पुस्तक कारागिरांच्या दुकानांत पाठ्यपुस्तकासारखे वापरले गेले. जाणकारांची श्रद्धा अशी होती: बोटांच्या बाजूला वजन ठेवले तर चेंडू लांब घसरून उशिरा वळतो, अंगठ्याच्या बाजूला ठेवले तर लवकर घरंगळू लागतो, कडेला ठेवले तर जोरात वळतो. त्यामुळे प्रत्येक औंसाचा, अर्ध्या औंसाचा हिशेब ठेवला जाई. फरक मर्यादेबाहेर गेला तर जड बाजूला एक जादा भोक पाडून तो आत आणत. हेच ते तोल राखणारे भोक, ज्याची कथा पुढे २०२० पर्यंत गेली.

१३/२३
मात्र त्याच दशकात एका माणसाने सगळ्यांचे लक्ष चेंडूच्या पोटावरून त्याच्या कातडीकडे वळवले. तोवर लेनवर चपडालाख आणि लॅकर यांच्या जागी पॉलियुरेथेनचा कठीण लेप आला होता, आणि कठीण रबर तसेच पॉलिएस्टरचे चेंडू त्यावर पुरेसे धरत नव्हते. डॉन मॅक्यून या व्यावसायिक खेळाडूने पॉलिएस्टरचा चेंडू मिथाइल इथाइल कीटोन या द्रावकाच्या बादलीत भिजत ठेवला. कवच मऊ पडले आणि चेंडू लेनला धरू लागला. १९७३च्या हंगामात मॅक्यून यांनी ६ विजेतेपदे मिळवली आणि वर्षातील सर्वोत्तम व्यावसायिक खेळाडूचा मान पटकावला. ज्वलनशील, उग्र वाफांचे ते द्रावक मग अनेक खेळाडूंच्या खोल्यांत पोहोचले.

१४/२३
नियामकांनी उत्तर दिले ते मोजमापाचेच. कवचाचा कठीणपणा मोजणारे ड्युरोमीटर हे उपकरण स्पर्धांत आले. व्यावसायिकांच्या संघटनेने किमान कठीणपणा ७५ ठेवला, एबीसीने ७२. बादल्या मागे पडल्या. पण घडलेली गोष्ट बोलकी होती. औंसाऔंसाचा हिशेब करून जे मिळत नव्हते, ते मऊ कातडीने एका हंगामात मिळवून दिले. वळण हे शेवटी घर्षणातून येते. चेंडू तिरपा फिरत असला, तरी जोवर तो तेलावर घसरत आहे तोवर ते फिरणे वायाच जाते. कोरड्या भागात जमिनीने पकड घेतली की फिरण्याची दिशा चेंडूच्या वाटेला वळवते. आणि घसरणे पूर्ण थांबून चेंडू निव्वळ घरंगळू लागला की वळणही थांबते.

१५/२३
निर्मात्यांनी हा धडा कारखान्यात नेला. १९८१ साली एएमएफ कंपनीने ‘अँगल’ हा युरेथेनच्या कवचाचा चेंडू आणला: कठीणपणाच्या नियमात बसणारा, तरीही लेनला धरणारा. १९९०च्या दशकाच्या आरंभी ‘रिॲक्टिव्ह रेझिन’ आले. या कवचाला सूक्ष्म छिद्रे असतात, ती लेनवरचे तेल शोषून घेतात. कारागिराने पाडलेली भोके तीन-चार. रसायनाने पाडलेली असंख्य. आता चेंडू तेलावर घसरून जाई आणि कोरड्यावर पोहोचताच असा वळे की जुन्या खेळाडूंनी तसे वळण पाहिले नव्हते. आणि अशा कवचाच्या चेंडूत भोकांची जागा एका वेगळ्याच कारणाने निर्णायक ठरली.

१६/२३
ते कारण समजण्यासाठी भोवरा आठवावा. फिरता भोवरा कलला की लगेच कोसळत नाही. त्याचा आस स्वतःच हळूहळू वर्तुळ काढू लागतो. बोलिंगच्या चेंडूत काहीसे असेच घडवता येते. १९८०च्या दशकापासून पोटातल्या चपट्या थाळीच्या जागी दिव्यासारखे, डमरूसारखे, नाना आकारांचे जड गाभे येऊ लागले. गाभा गोल नसेल तर चेंडू एका आसाभोवती सहज फिरतो, दुसऱ्याभोवती जड जातो. हा फरक जितका मोठा, तितका चेंडू फिरता फिरता आपला आस बदलत जातो. यात कोणती बाजू किती औंस जड आहे, हा प्रश्न गौण ठरतो. वजन मध्याभोवती कसे पसरले आहे, हा प्रश्न मुख्य ठरतो. डोडो काट्याला हे दुसरे माप कळतच नाही.

१७/२३
आस सरकला की चाकोरीही सरकते. जुन्या चेंडूवर एकच कडे उमटे. नव्या चेंडूवर एकाच फेकीनंतर तेलाची डझनभर कडी दिसतात. ती दोन ठिकाणी एकत्र येतात आणि मधे पंख्यासारखी फाकतात. याचा फायदा उघड आहे. एकच चाकोरी असेल तर तेल लागलेला तोच पट्टा पुन्हा पुन्हा जमिनीवर येतो आणि घसरतो. चाकोरी फाकली तर प्रत्येक फेऱ्याला कोरडा, तेल न लागलेला पट्टा लेनला भिडतो, पकड घट्ट होते आणि वळण वाढते. म्हणजे चेंडूने आपलीच जुनी वाट टाळावी, यासाठी त्याचे पोट घडवले जाऊ लागले.

१८/२३
आणि ही फाकण किती असावी, ते भोके ठरवतात. गाभ्याचा माथा कुठे आहे हे दाखवणारा लहान रंगीत ठिपका चेंडूवर असतो; त्याला ‘पिन’ म्हणतात. खेळाडूच्या हातून सुटताना चेंडू ज्या बिंदूभोवती फिरतो, तो त्याचा आसबिंदू. हा ज्याचा त्याचा वेगळा. या दोहोंतले अंतर शून्य ठेवले किंवा पावणेसात इंच, म्हणजे घेराचा चौथा भाग, तर सममित गाभ्याच्या चेंडूची चाकोरी जवळजवळ फाकत नाही. अंतर त्याच्या निम्मे, म्हणजे ३.३७५ इंच ठेवले तर ती सर्वाधिक फाकते. एकाच पेटीतून काढलेले दोन सारखे चेंडू, एकाच माणसाच्या हाताचे माप. पण भोके दोन ठिकाणी पाडली की लेनवर दोन वेगळे चेंडू होतात.

१९/२३
या विचाराला पुढे नेणाऱ्यांत मो पिनेल यांचे नाव अग्रभागी आहे. गाभ्यांची असममित रचना, भोकांची जागा कोनांनी ठरवणारी ‘ड्युअल अँगल’ पद्धत आणि तोलाच्या भोकाचा नवा वापर या तिन्ही गोष्टींशी त्यांचे नाव जोडलेले आहे. तोलाचे भोक आता काट्यासाठी पाडले जाईना. ते योग्य जागी, योग्य खोलीपर्यंत नेले तर गाभ्याचा आकारच जणू बदलत असे आणि चाकोरी हवी तशी फाके किंवा आवरे. कारखान्यात गाभा घडून गेल्यानंतरही दुकानात तो पुन्हा घडवण्याचे ते हत्यार झाले. आरंभी जे नियम पाळण्यासाठी पाडले जाई, ते आता नियमात राहून बरेच काही मिळवण्यासाठी पाडले जाऊ लागले.

२०/२३
दरम्यान गुणांचे मोल घसरत चालले होते. १९६०च्या दशकाअखेर अमेरिकेत एका हंगामात मान्यताप्राप्त ३०० गुणांचे डाव हजाराच्या आत असत. १९९०च्या दशकाअखेर ते ३० हजारांच्या पुढे गेले. १ जुलै १९८२ रोजी कॅलिफोर्नियातील ला हाब्रा येथे ग्लेन ॲलिसन यांनी सलग तीन डावांत ९०० पैकी ९०० गुण केले; एबीसीने लेनवरचे तेल नियमानुसार नसल्याचे सांगून त्या विक्रमाला मान्यता नाकारली. मान्यता मिळालेले पहिले ९०० हे २ फेब्रुवारी १९९७ रोजी नेब्रास्कातील लिंकन येथे जेरेमी सोननफेल्ड यांच्या नावावर नोंदले गेले. प्रश्न दोन्हीकडे एकच होता: या गुणांत हाताचा वाटा किती आणि साधनांचा किती? क्रिकेटमध्ये चेंडूची लकाकी आणि शिवण यांवरून जो वाद होतो, त्याच जातीचा हा प्रश्न.

२१/२३
२००५ साली एबीसी आणि इतर संघटनांच्या विलीनीकरणातून युएसबीसी निर्माण झाली आणि तिने चेंडूच्या चालीचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला. निष्कर्ष जुन्या श्रद्धेला धक्का देणारा होता. चालीवर सर्वाधिक प्रभाव कवचाच्या पृष्ठभागाचा, म्हणजे त्याच्या खरखरीतपणाचा, घर्षणाचा आणि तेल शोषण्याच्या क्षमतेचा. त्याखालोखाल गाभ्याची रचना. काट्यावर मोजलेल्या औंसांचा प्रभाव अगदी किरकोळ. म्हणजे पिढ्यानपिढ्या ज्या १ औंसाची इतकी कसोशीने राखण झाली, तो खेळाला फारसा हलवतच नव्हता. आणि जे हलवत होते, ते जुन्या काट्याच्या आवाक्याबाहेर होते. नियमाने तोच दोष पकडला होता, जो पकडण्याचे साधन त्याच्याजवळ होते.

२२/२३
२०१८ साली जाहीर होऊन १ ऑगस्ट २०२० पासून लागू झालेल्या नियमांत म्हणूनच दोन वरकरणी परस्परविरोधी गोष्टी आहेत. बाजूंच्या वजनातल्या फरकाची १ औंसाची मर्यादा सैल करून ३ औंस केली गेली; आणि तोलाचे भोक मात्र सरसकट बंद झाले. याच्या जोडीला, चेंडूला जे भोक आहे त्यात प्रत्येक फेकीला बोट असलेच पाहिजे, असाही दंडक आला. त्याला कारण होते अंगठा न वापरणारे खेळाडू. ऑस्ट्रेलियाचे जेसन बेलमोंट दोन्ही हातांनी, अंगठा न घालता खेळतात आणि सर्वाधिक मेजर विजेतेपदांचा विक्रम त्यांच्या नावावर आहे. अशा शैलीत अंगठ्याचे भोक पाडून ते रिकामे ठेवले, तर तेही आडवाटेने तोलाचे भोकच ठरते. ती वाट बुजवण्यात आली.

२३/२३
अशा रीतीने भोक आपल्या मूळ कामावर परत आले: बोटासाठी असेल तरच ते असावे. कारागिराच्या हातून एक हत्यार गेले. अनेक खेळाडूंना आवडते चेंडू बुजवून घ्यावे लागले, काहींना ते बाजूला ठेवावे लागले. तरीही हा वाद मिटला असे म्हणता येत नाही. बोटांची भोके गाभ्याच्या कुठल्या अंगाला पाडायची, हे ठरवण्याची मोकळीक आजही आहे, आणि पावणेसात इंचांच्या त्या कमानीत कारागिराचे सारे कसब शिल्लक आहे. जुन्या रबरी चेंडूवरचे एकुलते एक कडे हे त्या माणसाच्या हाताची सही होती. आजच्या चेंडूवर उमटणाऱ्या डझनभर कड्यांत हाताबरोबर रसायनशास्त्रज्ञाची, गाभा आखणाऱ्याची आणि दुकानाच्या मागच्या खोलीत ड्रिल चालवणाऱ्याचीही सही असते. फलकावर नाव मात्र एकाचेच लागते.

(धागा समाप्त)